सुमित्रामावशीची माणसं

सुमित्रामावशी गेली तेव्हा मला धारवाड गाठता आलं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते आणि जळगावात तिच्याजवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. फोनवरच रडून घेतलं. महिनाभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे खणखणीत बायकी आवाज.

"मी तुळसाक्का बोलतोय. नर्सअक्काची भाची न्हवं तुम्ही? तुमचं दिवस-कार्य झालं. आता आमचं ऱ्हायलंय. या."

मावशीनं लग्न केलं नाही. सरकारी नर्स म्हणून अळणावरच्या वाटेवरच्या एका खेड्यात तिची जवळजवळ सगळी नोकरी गेली. तिथं तिला सुमित्रा म्हणून कुणी ओळखत नसे, ती नर्सअक्का. तिच्या हातून जन्मलेली माणसं आणि त्यांच्या आया असे सगळे मिळून तिच्या नावानं तुळसाक्काच्या आंबराईत जेवणार होते. आई म्हणाली, "मी येऊ शकत नाही, तू जा. माझ्या वाटचंही जेवून ये."

नवनगर

सकाळी सातला हुबळीत उतरले. मामाचा मुलगा विनूअण्णा नवनगरला राहतो. त्यानं सांगितल्याप्रमाणे रस्त्याच्या मधोमध वेगळ्या पट्ट्यातून धावणाऱ्या धारवाडच्या बसमध्ये बसले. नवनगर आलं तशी बॅग उचलून सवयीनं डाव्या दाराशी जाऊन उभी राहिले. दार उघडेचना. माणसं माझ्या मागून उजवीकडे उतरून गेली आणि बस निघाली. एक आजोबा हसून म्हणाले, "अक्का, इकडं दार उजव्या अंगाला असतंय." पुढच्या थांब्यावर उतरून मी उलटी आले. अण्णा थांब्यावर उभाच होता. त्याला हसू येईल असं मला वाटलं होतं, पण तो "चल" एवढंच म्हणाला आणि माझी बॅग घेऊन पुढं निघाला.

अण्णा हुबळीच्या कोर्टात वकील. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, एरवी गप्पिष्ट. घरी रेखावहिनींनी गरमागरम सुसला वाढला. भिजवलेले चुरमुरे फोडणीला टाकून वर फुटाण्याची पूड आणि कोथिंबीर. आमच्याकडे खानदेशात मुरमुरे भिजवायचं कुणाच्या मनातही येणार नाही, कुरकुरीतपणा गेला की ते टाकून देण्याच्याच लायकीचे. इथं मऊ पडलेल्या चुरमुऱ्यांची चव लागली आणि मी दुसऱ्यांदा मागून घेतला. अण्णाच्या बशीतला मात्र तसाच गार होत होता.

"काय झालं, अण्णा?"

वहिनींनीच सांगितलं. "यल्लाप्पा येतोय म्हणे आज. तुळसाक्काचा निरोप आला रात्री."

नाव मी आईच्या तोंडून ऐकलं होतं, गोष्ट अर्धवट ठाऊक होती. अण्णानं ती पुरी केली. पंचवीस वर्षांपूर्वी यल्लाप्पाची बायको बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. यल्लाप्पानं सगळ्या गावासमोर सांगितलं, मी सकाळीच निरोप धाडला होता, नर्स दिवे लागल्यावर आली. तक्रार झाली, चौकशी बसली, मावशीला आठ महिने घरी बसवलं. गावानं तिला दार उघडणं बंद केलं. अण्णा तेव्हा नुकताच वकील झाला होता आणि चौकशीत तिच्या बाजूनं तोच उभा होता.

"खोटं होतं ते?" मी विचारलं.

"धडधडीत. पण ती मला बोलूच देत नव्हती." त्यानं बशी बाजूला सारली. "तो अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाली करतो, राहतोही तिथंच. इथून दहा मिनिटं. इतकी वर्षं मी त्या बाजूला भाजी आणायला गेलेलो नाही, वैशू. एकदा समोर आला तर माझ्या हातून काय होईल, मलाच माहीत नाही. आणि आज तो तिच्या जेवणाला येतोय."

"मग तू येऊ नकोस," वहिनी म्हणाल्या.

"मी नाही जायचं? मी?"

अळणावरच्या रस्त्यानं

अण्णानं गाडी काढली. वहिनींना शाळा होती, त्या आल्या नाहीत. धारवाड मागं पडलं, डाव्या हाताला केलगेरीचं तळं चमकून गेलं आणि जमिनीचा रंग बदलायला लागला. हुबळीकडची काळी माती संपून लाल माती, चढउतार, मधेच सागाची झाडं, उसाचे तुकडे. कापसाच्या काळ्या सपाटीची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना हे फार हिरवं वाटत होतं. माघातले दिवस होते, आंब्यांना मोहोर आला होता आणि काचा खाली केल्या की वास थेट आत येत होता.

अण्णाला यातलं काही दिसत नव्हतं. स्टिअरिंगवर त्याची बोटं पांढरी पडली होती. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं इतक्या उशिरा ब्रेक दाबला की मी पुढं आपटले. गाडी बाजूला घेऊन त्यानं इंजिन बंद केलं.

"अण्णा, त्याला बघितलंस की माझ्याकडं बघ," मी म्हणाले. "बोलू नकोस."

त्यानं किल्ली फिरवून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

आंबराईत

आमच्याकडे शोकसभा म्हणजे हॉल, खुर्च्या, फोटोला हार आणि माइकवर तीच ती चार वाक्यं. इथं मोहोरलेल्या झाडांखाली ताडपत्र्या अंथरल्या होत्या आणि दीड-दोनशे माणसं मोठमोठ्यानं बोलत होती. प्रत्येक घरातून भाकऱ्या आल्या होत्या. पापडासारख्या पातळ, कडक, टोपल्यांत उभ्या रचलेल्या. चुलीवर तेलात मुरणारी भरली वांगी, शेंगदाण्याची लाल चटणी, आणि मोठ्या परातीत मादली. गव्हाच्या जाड पोळ्या कुटून त्यात गूळ-खोबरं घातलेली. गेलेल्या माणसाच्या नावानं गोड करतात हे मला नवीन होतं. तसं म्हणाले तर तुळसाक्का म्हणाली, "तिनं आमच्या घरात पोरं आणली. त्याला गोड न्हाय तर काय कडू करायचं?"

तुळसाक्का सत्तरीची, काटक, नऊवारी घट्ट खोचलेली. माझा हात धरून तिनं मला सगळीकडं फिरवलं. कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, एकच माणूस एका वाक्यात दोन्हीकडं जाऊन येत होता. "बर्री, कूडरी," म्हणत मला बसवायचे आणि सांगायला लागायचे. एका जाडजूड मिशीवाल्या पोलिसानं सांगितलं, "मी निळा पडलो होतो. पायाला धरून उलटा केला अन् दोन चापट्या मारल्या. अजून आई म्हणती, तुला पहिला मार नर्सअक्काचा." सगळे हसले. एक बाई तीन मुलींना घेऊन आली होती. तिसरीच्या वेळी सासू कोपऱ्यात तोंड फिरवून बसली, तेव्हा मावशीनं बाळ थेट सासूच्याच मांडीवर ठेवलं आणि धुणं आवरायला निघून गेली. तासाभरानं आली तर सासू बाळाशी बोलत होती.

मी हसत होते, डोळे पुसत होते आणि एक डोळा अण्णावर ठेवून होते. तो झाडाला टेकून वाटेकडं बघत उभा होता.

बाराच्या सुमारास रिक्षा आली. आधी पन्नाशीचा एक माणूस उतरला. खांदे रुंद, पण एका बाजूला कललेले, वर्षानुवर्षं पोती वाहिल्यासारखे. मग त्याचा हात न धरता, रिक्षाच्या दांडीला धरून एक तरुण बाई उतरली. आठवा महिना तरी असावा.

गोंगाट एकदम बसला. जुन्या बायकांनी ओळखलं होतं. अण्णा माझ्याकडं न बघता चालायला लागला होता. मी पळतच मधे गेले.

"तुझी इथं यायची हिंमत कशी झाली?" अण्णाचा आवाज चिरका झाला होता.

यल्लाप्पानं डोक्यावरची टोपी काढली. "वकीलसाहेब, मारायचं असलं तर नंतर मारा. आधी बोलू द्या मला."

"पंचवीस वर्षांपूर्वी बोललास तेवढं पुरे झालं. निघ इथून."

"चला, अप्पा." मुलगीच म्हणाली. तिचं नाव रेणुका. चेहरा घामानं भिजलेला, ओठ घट्ट. "मी म्हटलं होतं न्हवं? ज्या बाईनं माझी आई मारली तिच्या नावानं हे जेवायला बसलेत, अन् तुम्ही मला इथं आणलंसा."

अण्णानं मूठ वळली. मी त्याच्या दंडाला धरलं, तो झटकून टाकेल असं वाटलं. मागं कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं, हाकला त्याला. दोन-तीन पुरुष पुढं सरकले, त्यात तो पोलीसही होता. मला खरंच भीती वाटली. त्या गर्दीत रेणुकाला नुसता धक्का लागला असता तरी काय झालं असतं.

तुळसाक्का हातातला डाव घेऊनच मधे आली. "आंबराई माझी हाय. हितं आलेला माणूस उपाशी जायचा न्हाय अन् मुकाबी जायचा न्हाय. बोल रे, यल्लाप्पा. पण बसून बोल. अन् तू पोरी, हितं सावलीत टेक."

रेणुका बसली, ती थकली होती म्हणून. मी तिच्या शेजारी बसले. यल्लाप्पा बसला नाही. टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"मी निरोप धाडलाच नव्हता," तो म्हणाला.

अण्णाची वळलेली मूठ सुटली.

"नर्सअक्का आधीच सांगून गेली होती, अंगात रगात कमी हाय, घरात ठेवू नको, कळ आली की धारवाडला ने. सकाळी कळा सुरू झाल्या. माझी मळणी पडली होती. आई म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतोय. मला बरं वाटलं ते ऐकून. मळणी संपवून सांजचं आलो तवा ती पांढरी पडली होती. मग पळालो. नर्सअक्का माझ्या संगट पळत आली. पोर झाली, पण रगात थांबंना. टेम्पोत घालून नेलं, वाटंतच गेली." त्यानं टोपी पिळली. "तिचं भाऊ आलं. चौघं. मी घाबरलो. म्हटलं, सकाळीच निरोप धाडला होता, नर्सच आली न्हाय."

मी रेणुकाकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत होती, पापणीही न हलवता.

"आज का सांगतोयस?" अण्णानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"ही माझी लेक. बाळंतपणाला माहेरी आलीय. जावई लॉरीवर, म्हयना म्हयना येत न्हाय. सरकारी आशाताई दारात येऊन येऊन दमल्या, ही दवाखान्यात पाय ठेवत न्हाय. म्हणते, नर्सनं माझी आई मारली, मी घरातच बाळंत होणार. मीच शिकवलंय तिला ते. लहानपणापासनं." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "तिनं न्हाय मारली. मी मारली. तू दवाखान्यात जा."

रेणुका उठली. कुणाच्या आधाराशिवाय, दोन्ही हात टेकून. ताडपत्रीवरून, चपला न घालता, रस्त्याकडं चालायला लागली. यल्लाप्पा दोन पावलं पुढं आला, तशी ती मागं न बघता म्हणाली, "येऊ नका." तो थांबला.

रस्त्याच्या कडेला

मी तिच्या चपला उचलून मागं गेले. रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर ती बसली होती, पोटावर हात ठेवून. दुपारची बस तासाभरानं होती. मी चपला खाली ठेवल्या, पर्समधली छत्री उघडून तिच्यावर धरली. मी शाळेत भूगोल शिकवते. अशा वेळी बोलायचे शब्द माझ्याकडं नाहीत. ती भराभर श्वास घेत होती आणि मी मनातल्या मनात तिचे श्वास मोजत होते. कळा तर नसतील ना? अण्णाची गाडी किती लांब आहे? धारवाडला पोचायला किती वेळ?

"दुखतंय का?" शेवटी विचारलं.

"न्हाय. राग येतोय."

थोड्या वेळानं तुळसाक्का आली. हातात तांब्या आणि भाकरीवर झाकलेली मादली. रेणुका पाणी प्यायली, खाण्याला तिनं हात लावला नाही.

"त्या सांजंला दिवा मी धरला होता," तुळसाक्का तिच्या शेजारी टेकत म्हणाली. "नर्सअक्कानं तुला पुसून माझ्या मांडीवर दिलं अन् तुझ्या आईला उचलून पळाली. तू हे एवढ्या जोरात रडत होतीस."

"मग तुम्हाला ठाऊक होतं?"

तुळसाक्कानं रिकामा तांब्या खाली ठेवला. "अंदाज होता. निरोप घेऊन जाताना कुणालाच दिसला न्हाय कुणी. पण आम्ही गप बसलो. तुझ्या आज्जीचा धाक होता, मामांचा होता. आठ म्हयनं नर्सअक्का हितंच भाड्याच्या खोलीत बसून होती. मी तिला ताकसुदिक दिलं न्हाय." तिनं भाकरी रेणुकाच्या जवळ सरकवली. "अन् बदली होऊन गेली, ती अर्ज करून परत हितंच आली. पहिल्या दिवशी माझ्या दारात उभी ऱ्हाऊन विचारती, तुळसा, तुझ्या सुनेला कितवा लागला?"

आमच्या मागं अण्णा येऊन उभा होता. कधी आला ते कळलं नाही. तो सरळ रेणुकाशी बोलला.

"चौकशीत मी तिला म्हणत होतो, त्याला उभा करतो, दोन प्रश्नांत खोटं उघडं पाडतो. तिनं मला हात जोडले. म्हणाली, विनू, त्या पोरीचे मामा याला जिवंत ठेवणार नाहीत. पोर दोन महिन्यांची आहे. आई गेली, बाप तरी राहू दे तिला. मी रागानं तिच्याशी वर्षभर बोललो नाही."

रेणुकानं मान खाली घातली आणि रडायला लागली. ते रडणं बराच वेळ चाललं. बस आली, थांबली, ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं आणि निघून गेला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि मादलीबरोबर सावकाश खाल्ला.

"उद्या दवाखान्यात जायचं तर..." ती माझ्याकडं बघून म्हणाली. "त्यांच्याबरोबर मी जाणार न्हाय."

माझी परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. "मी येते," मी म्हणाले.

आम्ही परत आंबराईत गेलो तेव्हा पंगत बसली होती. पंगतीतल्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. यल्लाप्पा एका टोकाला एकटाच बसला होता, पुढ्यात पान तसंच. अण्णा वांग्याचं भांडं घेऊन वाढत निघाला होता. तो यल्लाप्पापाशी आला. माझा घास हातातच राहिला. अण्णानं त्याच्या पानात वांगं वाढलं आणि तो पुढं गेला.

धारवाड

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरगोळहून रेणुकाला घेतलं आणि धारवाडला गेले. या खेपेला मी बसच्या उजव्या दाराशी आधीच जाऊन उभी राहिले होते. सरकारी दवाखान्यात बायकांची लांब रांग होती. फिनेलचा वास आला तशी रेणुका पायरीवरच थबकली. माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "परत जाऊ या," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग तिनंच पाऊल उचललं.

रांगेत असताना मला तो दिसला. व्हरांड्याच्या टोकाला, खांबाआड. आमच्या मागच्या बसनं आला असावा. रेणुकानंही बघितलं असणार, कारण तिनं लगेच तोंड दुसरीकडं फिरवलं. पण जा म्हणाली नाही.

टेबलाशी एक तरुण नर्स होती. नाव, वय, आशाताईंनी दिलेलं कार्ड. तारखा कधी चुकवल्या त्या बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण आवाज चढला नाही. हातावर पट्टा बांधून तिनं रक्तदाब बघितला, खालची पापणी ओढून डोळा बघितला.

"रक्त कमी दिसतंय. आज तपासून घेऊ. आई आहे?"

"न्हाय. माझ्या वेळी गेली."

नर्सचा हात थांबला. "काय झालं होतं?"

"दवाखान्यात न्यायला उशीर केला," ती म्हणाली.

नर्सनं ते लिहून घेतलं. "मग तू घरी थांबायचंच नाही. पहिली कळ आली की इथं. नवरा बाहेरगावी म्हणतेस. कोण आणणार तुला?"

मी त्या संध्याकाळी जळगावला निघणार होते. रेणुकानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. खांबाआडून तो दारापर्यंत आला होता, टोपी हातात घेऊन.

"अप्पा आणतील," ती म्हणाली. मग त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "लगेच आणतील."